घुमारा

चित्राचं काही नव्हतं, चित्र पहिल्याच दिवशी लागलं.
सोहारच्या जुन्या बाजारातून अठरा रियालला आणलेला प्रोजेक्टर,
पोर्टाकॅबिनच्या भिंतीवर टेकबहादुरची पांढरी चादर,
आणि चादरीवर, वीतभर तिरकं, पण स्वच्छ,
दिगंबर पाष्ट्याचं नवं घर.

आवाज मात्र डबीत कोंडलेल्या माशीचा.
वर त्याच यंत्राचा पंखा, छातीत कफ असल्यासारखा घरघरणारा,
आणि चित्र समोर, बोलणं पाठीमागून.
हमदुले म्हणाला, हे म्हणजे बायको पुढ्यात उभी
आणि बोलतेय शेजारीण.

मी गुहागरात सात वर्षं मांडववाल्याकडे होतो, भोंगे बांधायला.
तेव्हा सगळ्या खोलीने माझ्याकडे पाहिलं.

आधी ब्लूटूथचा स्पीकर जोडला.
आवाज भरला, पण उशिरा पोचायला लागला.
चालती बांगडी दारावर आपटायची, मग किणकिण.
पाष्टे म्हणाला, राहू दे, सवय आहे,
पूर्वी फोनवर असंच व्हायचं आमचं,
ती हसली ते मी पुढचं वाक्य सुरू केल्यावर कळायचं.
मी राहू दिलं नाही.
वायर ओढली, दहा मीटर, साइटवरच्या तुकड्यांची,
तीन जोड, जोडांवर काळी टेप,
आणि स्पीकर नेला चादरीच्या मागे,
तेलाच्या दोन डब्यांवर,
साधारण माणसाचं तोंड येतं त्या उंचीला.

मग पत्रा.
पत्र्याची खोली शब्द गिळत नाही, परत फेकते.
एक ‘ये’ म्हटलं की तीन ‘ये’ येतात
आणि एकही आत येत नाही.
ब्लँकेटं मागितली. बाहेर सेहेचाळीस डिग्री,
पण एसीपायी प्रत्येकाकडे होतंच एक.
वाघाचं, गुलाबांचं, मोराचं,
आणि हमदुलेचं, घरी न्यायचं म्हणून चेनच्या पिशवीत जपलेलं,
तेही त्याने काढून दिलं, जरा थांबून.
भिंतींना टांगली. टाळी वाजवून बघितली.
टाळी जिथे वाजली तिथेच बसली.

राहिला एसी.
बारा मिनिटांचा तर व्हिडिओ आहे, मी म्हणालो, आणि बंद केला.
नऊ माणसं, बनियनवर.
पाठीवरून उतरणारा घाम ऐकू येईल इतकं गप्प.

घरात कोणी दिसत नाही.
फरशीवर रंगाचे थेंब, खिडकीच्या काचेला कागद अजून तसाच.
मोबाइल धरणारी चालतेय.
तिला सर्दी झालीय, हे कळतं.
हा ओटा. किण.
इथे देव.
हे बाथरूम, थांबा, नळ सोडून दाखवते.
जिन्यात तिला धाप लागते, ती थांबते,
आणि ते थांबणं ऐकू येतं.

पाष्ट्याने हा व्हिडिओ महिनाभर रोज पाहिला होता,
बंकवर पडून, मोबाइल छातीवर ठेवून.
म्हणाला, ही जिना चढताना दमते काय रे?
कधीपासून?
हे विचारायला आमच्यात कोणी त्या घरचं नव्हतं.

मग तो माझ्याकडे वळला. तुझं एक राहिलं.
बोलणं घुमतंय अजून. कोपऱ्यात आणखी एक ब्लँकेट टांगू?

मी उठलो, स्पीकरला कान लावला,
उगाच वायर हलवली.
मग सांगितलं, हे आपल्या खोलीतलं नाही.
तिकडलंय.
मोकळं घर असं वाजतंच.
सामान लागलं, माणसं बसली, की जातं.

किती माणसं? त्याने विचारलं,
पंगतीची पानं विचारावीत तसं.

टेकबहादुर एसी लावायला उठला होता.
त्याला मराठी येत नाही.
बटणावर बोट ठेवून तो तसाच उभा राहिला.